पुढं कुठलं?

गुलमर्गची फळी मी मेढ्याच्या एसटीत
मांडीवर आडवी धरून आणली.
कंडक्टर म्हणाला, इस्त्रीचा टेबल का?
मी हो म्हणाले. सामानाचं तिकीट वाचलं.

कुसुंबीत हैबतीबाबांपुढं असलं काही चालत नाही.
त्यांनी ती भुश्शातल्या मेजावर ठेवली,
पेरानं ठोकली, पोटातलं लाकूड ऐकलं.
"हलकं हाय. पांगाऱ्याच्या नात्यातलं."
कडेच्या पोलादावरून नख फिरवलं,
एक डोळा मिटून
ह्या टोकाकडून त्या टोकाकडं पाहिलं,
मग फिरून त्या टोकाकडून.
"पोरी, ह्याचं पुढं कुठलं?"

पुढं नाही, बाबा.
दोन्ही टोकं वर उचललेली, एकाच मापाची.
डावा पाय आघाडीला, तर हे पुढं.
उजवा, तर ते.

ते पटाशीला धार लावायला बसले. म्हणजे, बोल.

सकाळी डोंगर घोटीव फरशीसारखा असतो.
तिथं ही बरी नाही, खरं सांगते.
वेग चढला की सुपातल्या दाण्यांसारखी थरथरते.
लांब, ताठ फळ्यांवरची माणसं
शेजारून सूं करून निघून जातात
आणि मी गुडघे मोडून, दात आवळून, मागं.

दुपारी बर्फाचा जाड रवा होतो.
तेव्हा बघावी हिला!
नजर वळली की वळते,
उंचवट्यावर कंबर लववते,
देवदारांच्या दाटीत
लग्नाच्या मांडवात पोर घुसावं तशी घुसते,
कुणाला न लागता पलीकडं.

आणि पार वर, गंडोला संपतो तिथं
रात्रभर पडलेलं तांदळाचं पीठ. मांडीएवढं.
तिथं हिचं तोंड बुडतं.
सगळं अंग मागच्या पायावर टाकायचं,
मांडी पेटते, मुश्ताकसर खालून ओरडतात,
मी चारदा उपडी.
नाकात गेलेला बर्फ आधी गरम लागतो, बाबा.
गारठा मागून येतो.

"मंग हीच का घेतलीस?"

एकदा अरुंद घळीत पडले.
उठले तर तोंड भलतीकडं,
वळायला हातभर जागा नाही.
तशीच सोडली. उजवा पाय पुढं,
माझा अडाणी पाय, कधीच पुढं न गेलेला.
फळीला काही कळलंच नाही.
मला मात्र वाटलं, ही उतरणारी कोण?
जरा भित्री आहे, पण चांगली उतरते.

पटाशी थांबली.
हैबतीबाबांनी तासणी डाव्या हातात घेतली
आणि बाभळीच्या ओंडक्यावर एक घाव घातला. साफ.
"गुरुजींनी छडी मारमारून उजवा शिकवला.
साठ वर्सं झाली.
डाव्याला मी सांगितलंच न्हाई."

पौषात माळावरचं गवत वाळून निसरडं झालं.
आम्ही वर गेलो. ते काठी टेकत, मी फळी खांद्यावर.
गवतावर ती कशी चालते, विचारू नका.
वीस पावलं छान, मग दगड.
मोज्यांत कुसळं, कोपराला खरचटलेलं,
फळीच्या पोटाला वीतभर चरा.
खाली गुरं राखणारी पोरं एवढी हसली
की एक म्हैस पळाली.

चरा त्यांनी लाख तापवून भरला.
चांगला भरला, बोट लावलं तरी कळत नाही.
मग दार ओढून घेतलं,
चपला काढल्या,
भुश्शात फळी ठेवून वर उभे राहिले,
डावा पाय पुढं. कितीतरी वेळ.
मग जागच्या जागी फिरले.

भिंतीवर गिऱ्हाइकांची मापं असतात,
चौकटी, पाट, पाळणे.
त्यांच्याखाली पेन्सिलीनं लिहिलंय:
पाच फूट, इंच कमी.
दोन्हीकडून मोजलं.